कोऱ्या कागदाचा वारस

१

लाखेची मोहर मीच फोडली, त्यामुळे पहिला संशय माझ्यावरच यायला हवा होता. पण ग्वाल्हेरातल्या मराठी मंडळींत माझी ख्याती अशी, की मला चोरी जमेल यावर कुणाचा विश्वासच बसत नाही.

आमच्या जुन्या स्नेही कुसुमताईंचं तेरावं आदल्या दिवशी झालं होतं. दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या घरात आम्ही सहा जण जमलो होतो. माझ्या हातात एक लांबट पाकीट होतं. त्यावर कुसुमताईंच्या ठसठशीत अक्षरात ‘माझे मृत्युपत्र’ असं लिहिलेलं आणि मागच्या झाकणावर लाल लाख. मी लाख फोडली, आतला कागद काढला, चष्मा चढवला, घसा खाकरला आणि तसाच बसून राहिलो.

“वाचा ना,” आमची ही म्हणाली.

“काय वाचू? कोरा आहे.”

“उलटा धरला असेल.”

मी उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. दोन्ही बाजू धुतल्या तांदळासारख्या. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत, याच मृत्युपत्रावर मी साक्षीदार म्हणून सही केली होती. चांगले दोन कागद होते, दाट लिहिलेले.

“ये कैसे हो सकता है?” सोनिका ओरडली. “काकूंनी असा मजाक कशाला केला असता?”

सोनिका म्हणजे युवराजची बायको, आणि युवराज म्हणजे कुसुमताईंच्या दिवंगत यजमानांचा पुतण्या. हजीऱ्यात त्याचं टाइल्सचं दुकान आहे. त्याच्यासमोर मुकुंदराव बसले होते, कुसुमताईंचे सख्खे धाकटे भाऊ, बिजली कंपनीतून निवृत्त. आणि दाराशी उभी होती शामला. बावीस वर्षांपूर्वी ती या घरात स्वयंपाकाला आली आणि राहिली. कुसुमताईंना मूलबाळ नव्हतं. शेवटची तीन वर्षं त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं सगळं शामलेनंच केलं. मागच्या खोलीत ती भाजणी, मेतकूट आणि पापड करून विकते. तिला दुसरं घर नाही, गाव नाही, माणूस नाही.

“ताई मला म्हणाल्या होत्या, तुझी सोय करून ठेवली आहे,” ती इतकंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. “दिनकरराव, तुम्ही सही केली होती. काय लिहिलं होतं ते सांगा,” मुकुंदराव म्हणाले.

इथे मला कबूल करावं लागलं. साक्षीदारानं फक्त सही करणाऱ्याला सही करताना पाहायचं असतं, मजकूर वाचायलाच हवा असं काही नाही. त्यातून मोतीबिंदू पिकलेला आणि पुढ्यात तिळाच्या गजकची बशी. मी वाचलं नव्हतं. दुसरे साक्षीदार डॉक्टर गेल्या वर्षीच वारले.

“म्हणजे गजक खाल्लीत आणि सही ठोकलीत,” ही म्हणाली.

तिनं माझ्या हातातून रिकामं पाकीट काढून घेतलं आणि खिडकीशी गेली.

२

आमची ही, म्हणजे विजया, हिची ओळख करून द्यायला हवी. तीस वर्षं ती रजिस्ट्री ऑफिसात होती. लोक वर्तमानपत्र वाचतात तशी ती खरेदीखतं वाचते. लग्नाच्या मांडवात बसल्या बसल्या ती सांगू शकते की मांडव कुणाच्या जागेवर आहे आणि त्या जागेवर किती दावे आहेत. मी बाड्याच्या चौकातल्या बँकेत जन्म काढला, पण घरात हिशेब तिचाच चालतो.

“लाख शाबूत होती,” घरी परतताना स्कूटर सिग्नलला थांबली तेव्हा ती म्हणाली. “वरून कुणी हात लावलाच नाही. पाकिटाची खालची कड ओली करून उघडली आणि परत चिकटवली.”

“डिंकानं?”

“डिंकानं नाही. हे बघा.” तिनं पाकीट माझ्या नाकाशी धरलं. कडेच्या आत काहीतरी पांढरं, चपटं, वाळलेलं चिकटलं होतं. मी नखानं खरवडलं.

“हे तर भाताचं शीत!”

“भाताचं शीत,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात अशी काही चमक होती की मी स्कूटर बाजूला घेतली. मला ती चमक ठाऊक आहे. ती आली की आमच्या घरी स्वयंपाक उशिरा होतो.

पाकीट ठेवलं होतं देवघरात, देव्हाऱ्याखालच्या खणात. कुसुमताई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शामलेनं सगळ्यांदेखत तो खण उघडून दाखवला होता. तेव्हा विजयानं पाकीट वर-खाली तपासलं होतं, सगळ्या कडा कोऱ्या करकरीत होत्या. म्हणजे जे झालं ते पुढच्या बारा दिवसांत.

“युवराज!” मी म्हणालो. “दुसरं कोण? गेल्याच महिन्यात तो बिल्डरला घेऊन घराचं माप काढून गेला. आणि तेरा दिवस दोघं नवरा-बायको तिथेच मुक्कामाला होते.”

“होते खरे,” ती म्हणाली. “चला हजीऱ्याला.”

३

युवराजनं आम्हाला टाइल्सच्या गठ्ठ्यांवरच बसवलं. तेरा दिवसांत त्याचं वजन उतरलं होतं. अग्नी त्यानंच दिला होता, सगळे विधीही त्यानंच केले होते.

“मावशी, तुम्ही माझ्यावर शक करताय, मला समजतंय,” तो म्हणाला. “माप काढलं होतं, हो. काकूच्या मागे लागलो होतो मी, की घर माझ्या नावावर करून टाक. कागद करून ठेव. वरना मला काय मिळणार? काहीच नाही.”

“का बरं? तू तर तिच्या नवऱ्याचा पुतण्या. दुसरं कुणी नाही त्या बाजूला.”

“अहो, घर काकांचं कुठे आहे? काकूच्या वडिलांचं आहे. माहेरून आलेलं घर माहेरीच जाणार. मुकुंदमामा लहानपणापासून ऐकवतात. मी वकिलालापण विचारलं, तोही हेच म्हणाला. म्हणून तर मला मृत्युपत्र पाहिजे होतं! गायब झालं तर नुकसान माझंच ना?”

“आणि ताईंचा बँकेतला लॉकर?” विजयानं विचारलं.

“लॉकरला नॉमिनी मी आहे,” तो जरा ताठ झाला. “तो तर माझाच.”

“नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाळा,” विजया मायेनं म्हणाली. “बँकेनं ज्याच्या हाती सोपवायचं तो. मालक कोण, ते मृत्युपत्र किंवा कायदा ठरवतो.”

युवराजचा चेहरा असा पडला की मला वाईट वाटलं. आतून सोनिका चहा घेऊन आली. तिनं वेगळंच काढलं. “मावशी, शामलाबाईंना विचारा ना. सगळ्या चाब्या त्यांच्याकडेच असायच्या. काय पता, काकूंनी त्यांना काहीच दिलं नसेल, आणि त्यांनी गुस्से में फाडून टाकलं असेल!”

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “नाटक करतोय तो. कायद्यानं घर त्याला मिळत असेल तर?”

विजया थांबली. “अहो, चोर कायद्यानं काय मिळेल ते बघून चोरी करत नाही. आपल्याला काय मिळेल असं त्याला वाटतं, ते बघून करतो.”

४

शामलेला काही विचारायची गरज पडली नाही. आम्ही गेलो तेव्हा ती आपली भांडी पोत्यात भरत होती. पातेलं, परात, पोळपाट, पापडाचं लाटणं.

“हे काय चालवलंयस?”

“मुकुंदभाऊ म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघ कुठे सोय होते का. रागानं नाही म्हणाले. चांगलेच बोलले.” तिनं परात पोत्यात सरकवली. “विजयावहिनी, मला पंचावन्नावं लागलंय. या वयात मला कोण ठेवून घेणार?”

मला गलबलून आलं. विजयाला आलंच असणार, पण ती शेल्फाकडे बघत होती. तिथे भाजणीच्या पिशव्यांवर लावायची लेबलं आणि शेजारी डिंकाची भली मोठी बाटली होती.

“लेबलं यानंच लावतेस?”

“हो. दिवसाला शंभर-सव्वाशे लागतात.”

विजयानं मान डोलावली. शामलेनं कुठला कागद चिकटवायचा म्हटलं तर तिचा हात शितांकडे कशाला जाईल? शिवाय मृत्युपत्र नाहीसं झालं तर तिच्या हाती धुपाटणंसुद्धा राहत नव्हतं.

“तेरा दिवस देवाचं कोण करत होतं गं?” विजयानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“युवराज आणि सोनिका सुतकात, ते तर देवघराचा उंबराही ओलांडत नव्हते. घरभर बायका होत्या, कुणी ओलांडू दिलाही नसता. मला सुतक नव्हतं, मी करणार होते. पण माहेरच्यांचं सुतक तीनच दिवसांचं, म्हणून चौथ्या दिवसापासून भाऊच यायचे. मला म्हणाले, तू राहू दे. दार लोटून अर्धा-अर्धा तास पूजा करायचे. सुतकाच्या घरातला स्वयंपाक देवाला चालत नाही ना, मग घरून वाटीत नैवेद्य आणायचे.”

“कशाचा?”

“वरणभाताचा.”

मुकुंदरावांची ती भक्ती पाहून मी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं होतं. त्यावर विजया नुसतं “हं” म्हणाली होती. तिचं ते “हं” चाळीस वर्षं ऐकूनही मी शहाणा झालेलो नाही.

५

मुकुंदराव शहरातल्या लष्कर भागात राहतात. त्यांनी आमचं अगत्यानं स्वागत केलं. त्यांची नात उन्नती बारावीची पुस्तकं आवरून आत गेली.

“वहिनी, मृत्युपत्र सापडेल तेव्हा सापडेल,” ते म्हणाले. “नाही सापडलं तरी कायदा स्पष्ट आहे. मी वाचलाय. मूलबाळ नसलेली बाई मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची मालमत्ता नवऱ्याच्या वारसांना. पण आईवडिलांकडून वारशानं आलेली मालमत्ता असेल तर ती परत वडिलांच्या वारसांकडे. म्हणजे नानांच्या वारसांकडे. म्हणजे माझ्याकडे.”

“अगदी बरोबर वाचलंत,” विजया म्हणाली. “घर ताईंच्या नावावर कधी झालं?”

“एक्याण्णव साली. मी तेव्हा रायपूरला होतो. नाना ऑक्टोबरात गेले. दिवसांना आलो तर घराच्या कराची पावती ताईच्या नावाची. मी म्हटलं, असू दे. धाकटा भाऊ मी, ताईशी वाटणी मागायची का? तिच्यानंतर आपल्याकडेच यायचंय.” त्यांचा आवाज चढला. “नानांच्या घरावर उद्या त्या टाइल्सवाल्याचा बोर्ड लागलेला बघवेल का मला? त्यापेक्षा घर पडलेलं बरं!”

“मूळ कागद कधी पाहिलात?”

“घरातल्या घरात कागद कसले बघायचे, वहिनी? आपल्यात असं कुणी करतं का?”

आपल्यात खरंच कुणी करत नाही. सख्ख्या बहिणीकडे ‘कागद दाखव’ म्हणणं म्हणजे नात्यावर थुंकण्यासारखं. तेहतीस-चौतीस वर्षं मुकुंदराव एका कराच्या पावतीवर विसंबून राहिले होते.

जिना उतरताना मी विजयाचा दंड धरला. “तो माणूस चोर आहे! आत्ताच्या आत्ता वर जाऊन विचारतो.”

“आणि त्यानं आत जाऊन ते कागद काडी लावून जाळले म्हणजे? शामलेला काय राख द्यायची?” ती म्हणाली. “मला उद्या माझ्या जुन्या ऑफिसात जायचंय. एक्याण्णव सालची नक्कल काढायची आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली तेव्हा तिचे डोळे लकाकत होते. पिशवीत शिक्क्यांचा एक कागद होता. मला तिनं तो बघू दिला नाही. रविवारी सगळ्यांना कुसुमताईंच्या घरी बोलावलं.

६

रविवारी सकाळी अकरा वाजता सगळे जमले. शामलेची बांधलेली पोती भिंतीशी उभी होती. विजयानं कुणाला काही विचारलं नाही, कुणाकडे बोट दाखवलं नाही.

“मृत्युपत्र गेलं,” ती म्हणाली. “आता ते सापडत नाही असंच धरून चालू. मग घर कुणाचं?”

“माझं,” मुकुंदराव शांतपणे म्हणाले. “वडिलांकडून आलेलं आहे.”

“आलेलं आहे खरं. पण कसं आलं?” तिनं पिशवीतला कागद काढून टेबलावर ठेवला. “ही रजिस्ट्रीची प्रमाणित नक्कल. ऑगस्ट एक्याण्णव. नाना हिंडतेफिरते असताना, स्वतः ऑफिसात येऊन त्यांनी हे घर मुलीला बक्षीसपत्रानं दिलं. खाली त्यांची सही आहे. स्वीकारलं म्हणून ताईंची सही आहे. नाना गेले ऑक्टोबरात.”

“मग? वडिलांकडूनच आलं ना?”

“मुकुंदराव, वारसा माणूस गेल्यावर येतो. जिवंतपणी हातानं दिलं, ते बक्षीस. ज्या दिवशी ताईंनी सही केली, त्या दिवशी घर नानांचं राहिलंच नाही. मग नाना गेले तेव्हा वारशानं येणार काय? हे वारशाचं घर नाही. ते ताईंचं स्वतःचं घर आहे. आणि मृत्युपत्र नसेल तर मूलबाळ नसलेल्या बाईचं स्वतःचं घर जातं तिच्या नवऱ्याच्या वारसांना.”

मग युवराज हळूच उभा राहिला.

“मतलब... मला?”

“तुला. सगळं.”

सोनिकानं तोंडावर हात ठेवला. युवराजचा हात तर आपोआप फोनकडे गेला. “एक मिनिट हं,” म्हणत तो गच्चीकडे गेला, आणि आम्हाला त्याचे शब्द स्पष्ट ऐकू आले. “हाँ भाईसाहब, वो दर्पण कॉलनी वाला... हाँ, पूरा गिराना है.”

शामला मागच्या खोलीत निघून गेली. मुकुंदराव पांढरेफटक पडले होते. त्यांनी ती नक्कल उचलली, वाचली, पुन्हा वाचली. नानांच्या सहीवरून अंगठा फिरवला. मग चपला घालून ते तडक बाहेर पडले. त्यांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

“विजया!” मी किंचाळलोच. “हे काय केलंस तू? शामलेचं घर तू स्वतःच्या हातानं त्या टाइल्सवाल्याला दिलंस!”

“बसा,” ती म्हणाली.

७

“दार लोटून खणाशी अर्धा तास बसायला एकाच माणसाला मिळत होतं,” ती हळू आवाजात बोलू लागली. “शितं त्याच्याच वाटीत होती. आणि शितानं पाकीट चिकटवायची सवय आपल्या पिढीची, सोनिकाला ते सुचणारही नाही. मृत्युपत्र नाहीसं झालं तर घर आपल्याला मिळेल असं मानणाराही एकच माणूस होता. युवराजला मिळणार होतं, पण त्याला ते ठाऊकच नव्हतं. म्हणजे चोर कोण ते मला पहिल्या तीन दिवसांतच कळलं होतं.”

“मग तसं म्हणायचं होतं सगळ्यांसमोर!”

“काय पुरावा? एक शीत? ते ‘नाही’ म्हणाले असते, घरी जाऊन कागद जाळला असता, संपलं. मला त्यांना पकडायचं नव्हतं हो. मला कागद हवा होता. आतापर्यंत तो लपवण्यात त्यांचा फायदा होता. आता लपवला तर घर युवराजला जातं. दाखवला तर जात नाही. लपवायचं कारणच मी काढून घेतलं.”

“आणि आधीच जाळला असेल तर?”

तिनं खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला कळलं की तिला सुद्धा ते माहीत नव्हतं. बाईनं सगळा डाव एका गोष्टीवर लावला होता, की सख्ख्या बहिणीचं अक्षर जाळायला मुकुंदरावांचा हात उठला नसेल.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. युवराज गच्चीवरून खुशीत आला आणि शामलेच्या पोत्यांना वळसा घालून बसला. चाळीस मिनिटं झाली. मी आशा सोडली, आणि तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली.

मुकुंदराव एकटे नव्हते. त्यांनी उन्नतीलाही आणलं होतं. ते थेट विजयासमोर आले आणि खिशातून घडी घातलेले दोन कागद काढून तिच्या हातात दिले.

“मी घेतले होते,” ते म्हणाले. “नातीसमोर सांगतोय. वरचं शामलेचं नाव वाचलं आणि डोकं फिरलं. पुढचं वाचलंसुद्धा नाही.”

“अरे वा!” युवराज उसळला.

विजयानं मला कागद दाखवले. दोन्हींवर माझी सही, दोन्हींवर डॉक्टरांची, दोन्हींवर कुसुमताईंची. मी आनंदानं तिचा हात दाबला. मग तिनं कागद मुकुंदरावांनाच परत दिले.

“वाचा. मोठ्यानं. या खेपेला शेवटपर्यंत.”

शामला दारात येऊन उभी राहिली होती. मुकुंदराव वाचू लागले. पहिल्या कागदावर लिहिलं होतं की या घरात शामलेनं हयातभर राहावं, तिला कुणी काढू नये आणि तिनंही ते विकू नये. लॉकरमधले दागिने सोनिकाला. मुकुंदरावांनी पान उलटलं.

“‘शामलेनंतर,’” ते वाचत होते, “‘हे घर पूर्ण मालकी हक्कानं माझ्या भावाची नात उन्नती हिला द्यावं. नानांनी हे मला हातानं दिलं, मुकुंदला काहीच मिळालं नाही. त्यानं कधी मागितलं नाही, हे मी...’”

त्यांना पुढे वाचता येईना. उन्नतीनं त्यांच्या हातातून कागद घेतला आणि वाक्य पुरं केलं. “‘...हे मी विसरलेली नाही.’”

मुकुंदराव खाली जमिनीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. जे त्यांच्या घरात येणारच होतं, त्याचीच त्यांनी चोरी केली होती. मी आयुष्यात इतका मोठा मूर्खपणा पाहिला नव्हता, आणि त्या माणसाची इतकी दयाही मला कधी आली नव्हती.

युवराजला मात्र दया वगैरे आली नाही. “रोने से क्या होता है? मृत्युपत्र चोरणं म्हणजे क्राइम आहे, मामा. मी आत्ता पुलिस को बुलाता हूँ,” असं म्हणत त्यानं फोन काढला.

शामला पुढे आली. तिनं भिंतीशी उभं असलेलं एक पोतं सोडलं, त्यातली परात बाहेर काढली आणि ताठ उभी राहिली.

“युवराज, तो फोन ठेव. माझ्या घरात पोलीस येणार नाहीत.”

युवराजनं फोन खिशात ठेवला.